ताईसोबत मुंबई–गोवा क्रूझ: आदल्या दिवशीचा मुक्काम कुठे करावा?

शृंगारतळीची

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते आणि माझी थोरली बहीण चिपळूणला असते. तिने साठी ओलांडली आहे, मी तिच्याहून काही वर्षांनी धाकटी. लग्ने झाल्यापासून आम्ही दोघींनी एकत्र प्रवास केला तो लग्नकार्यांसाठी नाही तर कोणाच्या तरी आजारपणासाठी. त्यामुळे या हिवाळ्यात नवरे, मुले, नातवंडे यांपैकी कोणालाही बरोबर न घेता मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी दोन रात्रींची क्रूझ करायची असे आम्ही ठरवले आहे. आरक्षण अजून केलेले नाही, कारण आरक्षणाआधीच काही गोष्टींवर अडलो आहोत.

पहिली अडचण आदल्या दिवशीच्या मुक्कामाची आहे. जहाजावर दुपारपासून घेतात आणि ते संध्याकाळी सुटते, असे आम्हाला कळले आहे. माझा भाचा डोंबिवलीला राहतो आणि हॉटेलवर पैसे घालवू नका, आमच्याकडेच उतरा, असा त्याचा आग्रह आहे. ताईचेही मत तसेच आहे. माझ्या मनात मात्र असे आहे की भाच्याकडे गेलो की ताई तिथल्या स्वयंपाकघरात शिरेल, मी भाजी निवडायला बसेन आणि सुट्टी सुरू व्हायची ती जहाजावर पाय ठेवल्यावरच होईल. बंदराच्या जवळ राहणे खरोखर सोयीचे आहे की हा केवळ माझा हट्ट आहे, हे जाणकारांनी सांगावे. चिपळूणहून कोणत्या गाडीने निघावे, हेही सुचवावे.

दुसरी अडचण ताईच्या भीतीची आहे. तिच्या सासूबाई दाभोळहून आगबोटीने मुंबईला जात असत. ‘रामदास’ बोट बुडाल्याची हकीकत त्या अशी सांगत की ऐकणाऱ्याने पुन्हा पाण्याकडे पाहू नये. शिवाय ताईला एस.टी.सुद्धा लागते, मग बोट किती लागेल, हा तिचा प्रश्न आहे. तिचा एक गुडघाही दुखतो. केबिन कोणती घ्यावी?

तिसरी गोष्ट थोडी वेगळी आहे. आमच्या माहेरची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. जहाज गोव्याला थांबते तेवढ्या वेळात जाऊन ओटी भरून येणे शक्य आहे का?

फोर्टातला_देवरुखकर

आपला हट्ट अगदी रास्त आहे, आणि सोय हे त्याचे कारण भाजी निवडण्याहूनही मोठे आहे. क्रूझचे टर्मिनल बॅलार्ड पिअरला, इंदिरा गोदीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल ते हेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून तिथे टॅक्सीने गेले तर थोड्या मिनिटांचे अंतर आहे. उलट डोंबिवलीहून सामानासह लोकलने यायचे म्हणजे सकाळच्या गर्दीत दोघींनी बॅगा सांभाळत तासाभराहून अधिक वेळ काढायचा, आणि जहाज रविवारी असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आहेच. रस्त्याने यावे तर वाहतूक कुठे तुंबेल याचा भरवसा नाही. गाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाजाचे तसे नसते. सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी ते प्रवासी घेणे बंद करतात आणि उशिरा आलेल्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. भाच्याला वाईट वाटू नये म्हणून परतीच्या दिवशी त्याच्याकडे जेवायला जा. त्या दिवशी कसली घाई नसते.

गाडीबद्दल दोन मार्ग दिसतात. कोकणकन्येने यायचे तर ती चिपळूणला मध्यरात्रीच्या आसपास येते आणि पहाटे मुंबईला पोहोचवते. पुष्कळ लोक याच गाडीने येऊन त्याच दिवशी जहाजावर चढतात. तरुणांना ते परवडते, परंतु साठीच्या माणसाने अर्धी रात्र फलाटावर आणि उरलेली अर्धी बर्थवर काढून मग जहाजाच्या रांगेत उभे राहावे, हे मला पटत नाही. आदल्या दिवशी दुपारी चिपळूणहून मांडवी एक्सप्रेस धरा. ती रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास सी.एस.एम.टी.ला येते, क्वचित उशीरही करते, पण उशीर झाला तरी जहाज दुसऱ्या दिवशी असल्यामुळे काही बिघडत नाही. मांडवीत खायला इतके काही येत राहते की रात्रीच्या जेवणाची चिंताही उरत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, हिवाळ्यात तो प्रश्न नाही.

मुक्कामासाठी फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेट परिसर पाहावा. कुलाबाही चालेल, परंतु तिथे पर्यटकांमुळे दर चढे असतात. फोर्टातली अनेक मध्यम दराची हॉटेले जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आहेत. काही ठिकाणी उद्वाहन नाही, आणि असले तर बंद असते. ताईंचा गुडघा लक्षात घेता संकेतस्थळावरच्या छायाचित्रांवर न विसंबता फोन करून हे विचारून घ्या. दुसरे विचारायचे ते खोली सोडण्याच्या वेळेबद्दल. बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि जहाजावर चढण्याची वेळ आपल्याला दुपारची मिळू शकते, तेव्हा मधल्या वेळेत सामान त्यांच्याकडे ठेवता येईल का, हे आधीच ठरलेले बरे. निव्वळ झोपण्यापुरती जागा हवी असेल तर सी.एस.एम.टी.च्या विश्रामकक्षांचे आरक्षणही होते, मात्र सुट्टीची सुरुवात म्हणून मी ती जागा सुचवणार नाही.

सकाळी मिळणारे ते दोन-तीन तास बॅलार्ड इस्टेटमध्येच घालवा, असे मी आग्रहाने सांगेन. हा सगळा भाग गोदी खणताना निघालेल्या भरावावर १९०८ ते १९१४ या काळात उभा राहिला. आखणी जॉर्ज विटेट यांची, ज्यांनी पुढे गेटवे ऑफ इंडिया रचला. रस्ते रुंद आहेत, झाडांची सावली आहे आणि शनिवार-रविवारी तर तिथे शुकशुकाट असतो, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसालाही रमतगमत फिरता येते. १९२३ पासून चालत आलेले ब्रिटानिया हे पारशी उपाहारगृह इथेच आहे. बेरी पुलावासाठी लोक लांबून येतात, पण ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे, म्हणून आपल्या वेळेत बसते का ते पाहा.

आणखी दोन सूचना. टॅक्सीवाल्याला नुसते ‘गोवा बोट’ म्हणाल तर तो भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल, कारण मांडव्याची रो-रो तिथून सुटते आणि जुन्या लोकांच्या डोक्यात कोकणची बोट म्हणजे भाऊचा धक्काच आहे. तिकिटावर जे प्रवेशद्वार लिहिलेले असेल तेच सांगा. आणि आरक्षण करताना नाव आधार कार्डावर आहे तसेच, अक्षराला अक्षर जुळेल असे द्या. आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, असे सर्रास असते आणि गोंधळ नेमका प्रवेशद्वारावर होतो. देशांतर्गत सफरीला पारपत्र लागत नाही, पण छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते. मोबाइलमधल्या छायाचित्रावर भिस्त ठेवू नका.

निवृत्त_जहाजी

मी मूळचा दाभोळ खाडीच्या काठचा आणि माझे सारे आयुष्य मालवाहू जहाजांवर गेले, म्हणून ताईंच्या भीतीबद्दल लिहितो.

‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो आषाढातला दिवस होता, दर्यावर वादळी हवा होती, बोट उतारूंनी खच्चून भरलेली होती आणि तिच्यावर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बोट बुडाल्याची बातमी मुंबईला कळली ती पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. लाट एका बाजूने आली, लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावले आणि कलंडलेली बोट सावरू शकली नाही, असे तिच्यातून वाचलेले सांगत. सासूबाईंची हकीकत खरीच आहे, ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. परंतु आपण जाणार आहात ते जहाज, तो ऋतू आणि ते नियम यांचा तिच्याशी संबंध नाही. मुंबईहून चालणाऱ्या ‘एम्प्रेस’चेच उदाहरण घ्या: १९९० साली बांधलेले हे जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचा समुद्र बहुतेक शांत असतो. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडचे वारे कधी कधी जोर करतात, पण पावसाळी दर्याशी त्याची तुलना होणार नाही.

जहाजावर चढल्यावर सर्व प्रवाशांना एकत्र बोलावून आणीबाणीत कुठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे हे दाखवतात. ते सक्तीचे असते. बरेच लोक त्या वेळी कंटाळून मोबाइल काढतात. ताईंनी मात्र ते लक्ष देऊन पाहावे आणि केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून यावे, कारण आणीबाणीत उद्वाहने बंद ठेवतात. जिना अवघड वाटत असेल तर आरक्षणाच्या वेळीच तसे कळवावे, म्हणजे मदतीची व्यवस्था नोंदवून ठेवतात. भीती घालवायला माझ्या गप्पांपेक्षा हे अधिक उपयोगी पडेल.

आता बोट लागण्याबद्दल. जहाज दोन प्रकारे हलते, पुढून मागे आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. दोन्ही हालचाली सर्वांत कमी जाणवतात त्या जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. वरच्या मजल्यावरची, टोकाकडची केबिन महाग असते आणि हलतेही जास्त, हे लोकांना ठाऊक नसते. तेव्हा मधली, खालची आणि खिडकीची केबिन घ्या. आतली, बिनखिडकीची केबिन स्वस्त पडते, परंतु ज्याला गाडी लागते त्याला क्षितिज दिसणे फार महत्त्वाचे असते, कारण कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारे चित्र यांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. औषध मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, ते आधी घ्यावे लागते. अशा गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा इतर औषधे चालू असतील तर त्या चालतीलच असे नाही, म्हणून चिपळूणच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. जहाजावर जेवणाचे टेबल सतत मांडलेले असल्यामुळे दुसरा नियम पाळणे कठीण जाते.

डावी बाजू घ्यावी की उजवी, हे आपण विचारले नाही, तरी सांगतो. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्य उजवीकडे मावळतो. परतताना याच्या उलट. किनारा दिसेल म्हणून डावी बाजू घेतलीत तर निराशा होईल, कारण जहाज बरेच बाहेरून जाते आणि आपले दाभोळ, गुहागर रात्रीच्या अंधारात कधी मागे पडले ते कळतही नाही. जे पाहण्यासारखे आहे ते बंदरातून बाहेर पडतानाच्या पहिल्या टप्प्यात, आणि ते केबिनमधून न पाहता वरच्या उघड्या डेकवरून पाहावे. उजवीकडे कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्ज दीपगृह दिसते आणि पुढे डावीकडे खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्याही विरोधाला न जुमानता बांधलेला हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि त्याच्यावरच्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. अंधार लवकर पडला तरी दिवा दिसेल. सुटण्याच्या वेळी बहुतेक प्रवासी नाचगाण्यांच्या कार्यक्रमाला गेलेले असतात, त्यामुळे डेकवर कठड्याशी जागा सहज मिळते.

कुडाळचा_भाऊ

मी माझ्या धाकट्या बहिणीबरोबर अशाच सफरीला गेलो होतो. वरच्या दोघांनी मुक्कामाचे आणि समुद्राचे सविस्तर लिहिले आहे, त्यामुळे मी केबिनच्या आतले सांगतो.

आरक्षण करताना ‘दोन प्रवासी’ असे लिहिले की सहसा जोडपे गृहीत धरून मोठा पलंग देतात. बहुतेक जहाजांवर तो पलंग दोन भागांत वेगळा करता येतो, परंतु तसे आधी कळवावे लागते. आम्ही लेखी कळवले होते, तरीही केबिनमध्ये पलंग जोडलेलाच होता आणि तो वेगळा करून मिळायला रात्र झाली. म्हणून चढल्या चढल्या आधी केबिन पाहून या, मग जेवायला जा. काही केबिनमध्ये दुसरी जागा भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बर्थची असते आणि तिथे शिडीने चढावे लागते. दोन्ही जागा खालीच हव्यात, हे आपण गुडघ्याच्या कारणासह स्पष्ट लिहा. केबिन किती लहान असते याचीही कल्पना असू द्या: दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा राहत नाही, तेव्हा दोघींत मिळून एकच मोठी बॅग आणि हाताशी एकेक पिशवी असे सामान न्या. औषधे, चष्मा आणि कागदपत्रे पिशवीतच ठेवा, कारण मोठी बॅग टर्मिनलवर घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला तिला काही तास लागू शकतात. इस्त्री, पाण्याची किटली असल्या वस्तू आणि बाहेरचे मद्य आत नेऊ देत नाहीत. घरचे लाडू-चिवडा नेण्याचा विचार असेल तर कंपनीची सूचना वाचून घ्या.

पैशांबद्दल भावंडांनी आधी बोलून घ्यावे, हे थोडे रोखठोक वाटेल, पण लिहितोच. जाहिरातीत दिसणाऱ्या भाड्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर वेगळे लागतात, म्हणून दोन सफरींची तुलना करायची ती अंतिम रकमेची. जहाजावर रोख व्यवहार नसतो. केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटच्या रात्री बिल येते. काही जेवणघरे आणि काही कार्यक्रम भाड्यात धरलेले असतात, काही नसतात. थोरले भावंड ‘मी देते’ म्हणते, धाकटे गप्प बसते आणि मग दोघेही मनातल्या मनात हिशेब करत राहतात, असे आमच्याकडे झाले नाही, कारण भाडे तिचे आणि जहाजावरचा खर्च माझा असे आम्ही घरीच ठरवले होते. इतक्या जवळच्या माणसांतही असे ठरवावे का, यावर आमच्या आईने आम्हाला बरेच सुनावले, ती गोष्ट निराळी.

आणखी एक. चोवीस तास एकमेकींना चिकटून राहण्याची गरज नाही. माझ्या बहिणीला रात्रीचे गाण्याचे कार्यक्रम हवे असत आणि मला पहाटेचा डेक. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलला नेटवर्क मिळत नाही आणि जहाजाचे स्वतःचे नेटवर्क चुकून जोडले गेले तर भरमसाट पैसे लागतात, त्यामुळे फोन विमान स्थितीत ठेवून ‘अमुक वाजता अमुक जिन्यापाशी’ असे भेटण्याचे ठरवावे लागते.

कवळ्याबद्दल: जहाज मुरगाव बंदरात लागते. तिथून वेर्णा-बोरी मार्गाने कवळे साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, म्हणजे एका दिशेला एक तास धरावा आणि बंदरातून बाहेर पडायला लागणारा वेळ वेगळा. जहाज दिवसभर थांबणार असेल तर हे आरामात जमते. चार-पाच तासच मिळणार असतील तर ओटी होईल, पण मंगेशी आणि म्हार्दोळ त्याच फेरीत उरकण्याचा मोह टाळा. कंपनीच्या सहलीबरोबर गेलेल्यांना परतायला उशीर झाला तर बहुधा जहाज थांबते, स्वतंत्र टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. त्यामुळे परत येण्याची वेळ जहाज सुटण्याची न धरता, सर्वांनी जहाजावर हजर व्हायची जी वेळ सांगतात ती धरा. टॅक्सी आदल्या दिवशीच फोनवर ठरवून ठेवा आणि ओटीचे सामान घरून न्या, मात्र नारळ तिथेच घ्या.

सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी जाता जाता सांगतो. काही सफरींत गोव्याहून चढण्याची आणि मुंबईला उतरण्याची सोय ठेवतात. सावंतवाडी-कुडाळच्या माणसाने आधी मुंबई गाठून परत खाली येण्यापेक्षा अशी सफर मिळते का ते विचारावे. तशी मिळाली तर आदल्या रात्रीचा मुक्काम वास्कोला करता येतो, नाहीतर घरूनच सकाळी निघता येते.

शृंगारतळीची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे ताईला फोनवरून वाचून दाखवली. मधल्या केबिनचे आणि गोळीचे तिला पटले. डोंबिवलीचा मुक्काम रद्द करायला तिने जरा वेळ घेतला, पण परतीच्या दिवशी जेवायला जायचे ठरल्यावर भाच्यानेही माघार घेतली. फोर्टातल्या एका हॉटेलला फोन केला होता. उद्वाहन आहे, परंतु ते पहिल्या मजल्यापासून सुरू होते, असे उत्तर मिळाले! दुसरे शोधते आहे.

आता दोनच शंका आहेत. जहाज परत आल्यावर उतरायला किती वेळ लागतो आणि त्या दिवशी चिपळूणची कोणती गाडी धरता येईल? आणि निवृत्त जहाजी यांना विचारते, की ताईला पहिल्या रात्री झोपच लागली नाही तर काय करावे?

निवृत्त_जहाजी

झोप लागली नाही तर केबिनमध्ये पडून राहू नये. उठून मधल्या भागात, माणसे असतील अशा ठिकाणी जाऊन बसावे आणि बाहेर दूरवर पाहावे. रात्री वाटेत मासेमारीच्या नौकांचे दिवे दिसतात. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी लागते आणि ती किरकोळ नसते, म्हणून साधी औषधे आपली असावीत. यंत्रांची घरघर ऐकून घाबरू नये. अर्ध्या रात्रीत तिची सवय होते.

फोर्टातला_देवरुखकर

जहाज सकाळी धक्क्याला लागले तरी उतरवतात ते मजल्यांप्रमाणे, गटागटाने, आणि मग सामान ओळखून घ्यायचे असते. सकाळी सातच्या सुमाराची मांडवी मिळणार नाही, हे नक्की समजा. तेव्हा दिवस भाच्याकडे काढा आणि रात्रीची कोकणकन्या धरा. डोंबिवलीहून पुन्हा सी.एस.एम.टी.ला उलटे जाण्याचे कारण नाही, ती ठाण्याला थांबते, म्हणून तिकीट काढतानाच चढण्याचे स्थानक ठाणे द्या. चिपळूणला ती पहाटे पोहोचेल, पुढे आपल्याला गुहागरकडची सकाळची एस.टी. मिळेल. कोकणातल्या गाड्यांची आरक्षणे सुट्ट्यांच्या दिवसांत उघडताक्षणी भरतात, म्हणून जहाजाची तारीख ठरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या गाड्यांत खालचे बर्थ मिळतात का ते पाहा आणि मग जहाजाचे पैसे भरा.

हॉटेलसाठी बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला विचारा. उद्वाहन तळमजल्यापासून आहे का, हाच शब्दशः प्रश्न करा.